कार्डावरची तारीख उलटली, तरी बाबांना भेटायला जाता येतं

वाचकाचं पत्र

ताई,
मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, माहेर सांगलीचं. लग्नानंतर जून २०२३ मध्ये इमिग्रंट व्हिसावर इथे आले. नवरा बरीच वर्षं अमेरिकन नागरिक आहे. मला दोन वर्षांचं कंडिशनल, म्हणजे सशर्त, ग्रीन कार्ड मिळालं, ते जून २०२५ मध्ये संपलं. त्याआधीच, एप्रिलमध्ये, आम्ही दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती अट काढण्याचा अर्ज, पाठवला. रिसीट आली, ‘बोटांचे जुनेच ठसे वापरू’ असं पत्र आलं, आणि त्यानंतर सगळं शांत. ऑफिसमधून एचआर ‘नवीन कार्ड आणून द्या’ म्हणून मागे लागलं आहे. लायसन्सच्या नूतनीकरणाला गेले, तर काउंटरवरच्या बाईंनी कार्ड पाहिलं आणि ‘एक्सपायर झालंय’ म्हणून परत सरकवलं. त्यात बाबांची बायपास फेब्रुवारीत ठरली आहे. सासूबाई म्हणतात, कार्ड हातात येईपर्यंत हलू नकोस. मैत्रिणी म्हणतात, परत येताना विमानतळावर अडकवतात. नवरा म्हणतो, पत्र फाइलमध्ये आहे, उगाच घाबरतेस. मला झोप लागत नाही. आज मी या देशात नक्की कोण आहे, आणि ते दाखवायचं कसं?
– सांगलीची, एडिसनहून

उत्तर

प्रिय सांगलीकर,

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे आज रात्री तरी झोप लागेल. तू आजही या देशाची कायम रहिवासी आहेस. कार्डावरची तारीख कार्डाची असते. तुझा दर्जा त्या तारखेला आपोआप संपत नाही. तू मुदतीत, म्हणजे कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत, नवऱ्याबरोबर अर्ज दिलास. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत तुझा कंडिशनल रहिवाशाचा दर्जा कायद्यानेच चालू राहतो. यात कुणाची मेहेरबानी नाही. नोकरी करण्याचा, देशाबाहेर जाऊन परत येण्याचा, इथे राहण्याचा तुझा हक्क जूनमध्ये होता तसाच आज आहे.

आणि बाबांना भेटायला तू जाऊ शकतेस. तुझ्या पत्रात जे लिहिलं आहेस, त्यावरून तरी मला जायला हरकत दिसत नाही. ज्यांनी आधी वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नये, अशी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

ही सगळी भानगड का असते ते थोडक्यात. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत जी व्यक्ती जोडीदारामुळे कायम रहिवासी होते, तिला दोन वर्षांचंच कार्ड मिळतं. खोटी लग्नं लावून लोक येतात या शंकेतून १९८६ साली हा कायदा झाला. दोन वर्षांनी दोघांनी मिळून सांगायचं की आमचा संसार खरा आहे, मग अट निघते आणि दहा वर्षांचं कार्ड येतं. गाडी अडते ती हे तपासणाऱ्या खात्यात, यूएससीआयएसमध्ये. तिथे अर्जांचे ढीग साठलेत आणि निकालाला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागली तरी आता कुणाला नवल वाटत नाही. मग खात्याने काय केलं, तर अर्ज पोचल्याच्या पावतीनेच जुन्या कार्डाची मुदत वाढवायला सुरुवात केली. पूर्वी ही वाढ १२ महिने असायची, २०१८ मध्ये १८ झाली, २०२१ मध्ये २४ आणि जानेवारी २०२३ पासून ४८. हे आकडे मुद्दाम देते आहे. तुझ्या मैत्रिणींपैकी जिचा अनुभव २०१९ चा आहे, ती तुला १८ महिन्यांच्या हिशोबाने घाबरवेल. तिचं तेव्हा खरं होतं, तुला ते लागू नाही.

आता त्या पावतीकडे ये. तिला आय-७९७ म्हणतात. नवरा म्हणतो ‘फाइलमध्ये आहे’. आज संध्याकाळी ती फाइल उघड आणि तो कागद स्वतः, शब्द न् शब्द वाच. त्यात तुझं नाव, तुझा ए-नंबर (कार्डावर छापलेला तुझा ओळख क्रमांक), पावतीचा नंबर असेल, आणि मग एक परिच्छेद असेल ज्यात लिहिलंय की हे पत्र तुझ्या कार्डासोबत दाखवलं, की कार्डाची मुदत त्यावरच्या तारखेपासून ४८ महिने वाढलेली धरावी, आणि तुला काम करण्याची आणि प्रवास करण्याची परवानगी आहे. नावाचं स्पेलिंग आणि ए-नंबर कार्डाशी जुळतात का बघ. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून येतं, आणि तिथेच चुका होतात. चूक असेल तर आत्ताच दुरुस्तीची विनंती कर, विमानतळावर ती कळायला नको.

लोक हमखास गोंधळतात ते या ४८ महिन्यांच्या मोजणीत. ते पत्राच्या तारखेपासून मोजायचे नसतात. कार्डावर जी तारीख छापली आहे, तिथून मोजायचे. तुझं कार्ड जून २०२५ ला संपलं, म्हणजे पत्र आणि कार्ड ही जोडी जून २०२९ पर्यंत चालते. काउंटरवरच्या माणसाला पत्राच्या वर एक तारीख दिसते, कार्डावर दुसरी दिसते, आणि कुठेच ‘२०२९’ छापलेलं दिसत नाही. तो हिशोब त्याला करता आला नाही, की तो ‘एक्सपायर्ड’ म्हणून मोकळा होतो. म्हणून बोलताना तू तारीखच सांग. ‘माझं कार्ड अमुक जून २०२९ पर्यंत वैध आहे, हे बघा पत्रातलं वाक्य, ही कार्डावरची तारीख.’ त्या ओळीवर बोट ठेवून सांग. ‘माझं कार्ड संपलंय, पण...’ अशी सुरुवात कधीच करू नकोस. पहिला अर्धा भाग ऐकूनच लोक मान हलवतात.

जुनं कार्ड संपलं म्हणून ते कपाटात टाकलं नाहीस ना? काही जण टाकतात. एकटं पत्र अपुरं असतं आणि एकटं कार्डही अपुरं. अठरा वर्षांवरच्या रहिवाशाने आपल्या दर्जाचा पुरावा जवळ बाळगावा असं इथला कायदा सांगतो, तेव्हा कार्ड पर्समध्ये हवं आणि पत्राची प्रत फोनमध्ये. मूळ पत्र रोज घेऊन फिरू नकोस, ते घरी जप.

ऑफिसचं मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण तिथे चूक तुझी नाहीच. नोकरीला लागताना तू आय-९ नावाचा फॉर्म भरला होतास. त्यात ‘मी कायम रहिवासी आहे’ या खान्यावर खूण केली असशील आणि ग्रीन कार्ड दाखवलं असशील. असं असेल तर ते कार्ड संपल्यावर मालकाने तुझी पुन्हा तपासणी करायचीच नसते. कंडिशनल कार्डालाही हाच नियम आहे. यूएससीआयएसने मालकांसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे, तिचं नाव एम-२७४, तिच्यात हे लिहिलेलं आहे. मग एचआर मागे का लागतं? कारण आपल्या लोकांच्या ऑफिसात एच-१बी वाले, म्हणजे तात्पुरत्या नोकरी-व्हिसावरचे, भरपूर. त्यांची मुदत संपली की एचआरला खरंच नवे कागद घ्यावे लागतात. वर्क परमिटवाल्यांचंही तसंच. संगणकात तुझ्या नावापुढे एक तारीख टाकून ठेवलेली असते, ती आली की ईमेल आपोआप सुटतो. समोरची बाई वाईट नसते, तिने तुला एच-१बी च्या रांगेत उभं केलेलं असतं.

तेव्हा भांडू नकोस, आणि घाबरून आणखी चार कागदही पाठवत बसू नकोस. एक छोटा ईमेल लिही. मी कायम रहिवासी आहे, नोकरीला लागताना ग्रीन कार्ड दाखवलं होतं, आणि एम-२७४ प्रमाणे ग्रीन कार्ड दाखवणाऱ्या रहिवाशांची पुन्हा तपासणी करायची नसते, कृपया तुमच्या कायदेविषयक विभागाकडून खात्री करून घ्या. सोबत सौजन्य म्हणून पावतीची प्रत जोडावीशी वाटली तर जोड, कंपनीत शांतता राहणार असेल तर त्यात वावगं नाही. पण तू ती द्यायला बांधील नाहीस, हे डोक्यात असू दे. आणि तरीही ‘नवीन कार्ड आणलं नाही तर कामावरून कमी करू’ अशी भाषा आली, तर अमेरिकेच्या न्याय खात्यात यासाठीच एक विभाग आहे, इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन. कर्मचाऱ्यांसाठी त्यांचा फोन १-८००-२५५-७६८८. नाव न सांगताही बोलता येतं, दुभाषा मागता येतो. नियमात नसलेले किंवा विशिष्टच कागद मागून एखाद्याला त्याच्या दर्जावरून त्रास देणं हा इथे भेदभाव ठरू शकतो. आपल्याकडच्या बायका या फोनपर्यंत जातच नाहीत. ‘नोकरी आहे ना, मग कशाला तोंड उघडायचं’ असं म्हणत वर्षभर मुकाट सोसतात. मला याचं फार वाईट वाटतं.

तू पुढे नोकरी बदललीस, तर मात्र नवा आय-९ भरावा लागेल. तिथे कार्ड आणि पत्र ही जोडी कामाच्या परवानगीचा पुरावा म्हणून चालते.

लायसन्सचं. न्यू जर्सीत ते काम मोटर व्हेइकल कमिशन करतं. तिथला कर्मचारी तुझा दर्जा स्वतःच्या मनाने ठरवत नाही, त्याला ‘सेव्ह’ नावाच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेत तुझा ए-नंबर टाकून विचारावं लागतं. तुझं कार्ड पाहूनच त्या बाईंनी परत दिलं असेल, तर विचारणा झालीच नाही. पुन्हा जा, कार्ड आणि मूळ पत्र एकत्र समोर ठेव, आणि ‘सेव्हमध्ये तपासा’ असं सांग. कधी कधी लगेच उत्तर येत नाही, ‘जादा पडताळणी’ मध्ये पडतं आणि काही दिवस जातात. अशा वेळी पडताळणीचा नंबर मागून घे, त्यावरून ‘सेव्ह केसचेक’ या पानावर तुला घरबसल्या पाहता येतं की अडलंय कुठे. देशांतर्गत विमानप्रवासाला चालणाऱ्या ओळखपत्रांचे नियम ठरवणाऱ्या रिअल आयडी कायद्यात कंडिशनल रहिवाशांचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे, म्हणजे रिअल आयडी लायसन्सही तुला मिळू शकतं. तोवर देशांतर्गत विमानाने कुठे जायचं झालं तर भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. त्यासाठी जीव टांगणीला लावू नकोस. पण संपलेल्या लायसन्सवर गाडी मात्र चालवू नकोस. पोलिसाने अडवलं की नसतं लचांड मागे लागतं, आणि ते पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही सांगत बसावं लागतं.

आता सांगली.

प्रवासाला लागतं काय, तर वैध भारतीय पासपोर्ट, संपलेलं कार्ड आणि मूळ आय-७९७ पत्र. बस. ‘अॅडव्हान्स परोल’, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, घ्यावा लागेल असं कुणी सांगेल, तो तुला लागत नाही, तो ज्यांचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी. बाहेर राहण्याचा काळ वर्षाच्या आत हवा, आणि शक्यतो सहा महिन्यांच्या बराच आत. १८० दिवस ओलांडले की परत येताना तुला नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखे प्रश्न विचारले जाऊ शकतात. बायपासनंतर माणूस घरात हिंडूफिरू लागायला महिना-दीड महिना जातो, तेवढं राहून आलीस तर काहीच अडचण नाही. परतीचं तिकीट आधीच काढून ठेव.

खरी अडचण बहुतेक वेळा अमेरिकेत उतरताना येत नाही. ती येते मुंबईला, चेक-इनच्या काउंटरवर. ते दृश्य कसं असतं ते सांगते. रात्रीची वेळ, मागे ट्रॉल्यांची रांग, काउंटरवरचा मुलगा पंचविशीचा. तो पासपोर्ट घेतो, कार्ड घेतो, कार्डावरची तारीख बघतो, आणि बोटाने ती तारीख तुला दाखवतो. चुकीचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो, म्हणून तो धास्तावलेला असतो. तू त्याने विचारायच्या आतच पत्र कार्डाखाली ठेवून दोन्ही एकदम पुढे कर. तरी तो अडला, तर आवाज न चढवता सुपरवायझरला बोलवायला सांग. अमेरिकेच्या सीमा खात्याने, म्हणजे सीबीपीने, विमान कंपन्यांसाठी एक कॅरियर इन्फर्मेशन गाइड काढलं आहे. त्यात मुदत वाढवणाऱ्या आय-७९७ सोबतचं संपलेलं कार्ड स्वीकारावं असं आहे. ते पान छापून जवळ ठेव. ‘टिमॅटिकमध्ये बघा’ असं सांग, सगळ्या विमान कंपन्या कागदपत्रांचे नियम त्यात पाहतात. आणि तरीही शंका राहिली, तर कंपनीला सीबीपीच्या प्रादेशिक संपर्क गटाला फोन करून विचारता येतं. तो फोन कंपनीने करायचा असतो, पण तो करता येतो हे तुला माहीत आहे, एवढ्यानेच बोलण्याचा सूर बदलतो. या सगळ्याला वेळ हवा. नेहमीपेक्षा तासभर तरी आधी पोच.

मार्ग निवडताना जरा विचार कर. तिकीट स्वस्त म्हणून युरोपातल्या कुठल्या तरी विमानतळावर बदल घेतेस, आणि तिथला नियम म्हणतो की भारतीय पासपोर्टवाल्यांना ट्रान्झिट व्हिसाची सूट फक्त वैध ग्रीन कार्ड असेल तरच. तिथे अमेरिकेचं मुदतवाढीचं पत्र मानतीलच असं नाही. प्रत्येक देशाचं वेगळं असतं. मी तुझ्या जागी असते तर थेट विमान बघितलं असतं, नाहीतर आखाती देशांमार्गे गेले असते. अबू धाबीला तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच, विमानात बसण्याआधी होते. युरोपमार्गेच जायचं असेल तर त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचल्याशिवाय पैसे भरू नकोस. ट्रॅव्हल एजंटच्या ‘काही होत नाही हो’ वर विसंबू नकोस.

इथे उतरल्यावर रहिवाशांच्या रांगेत उभी राहा. अधिकारी विचारेल, किती दिवस होतीस, कशासाठी, नवरा कुठे आहे. खरं आणि थोडक्यात उत्तर दे. बाबांच्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद जवळ असला तर बरंच. एखाद्या वेळी बाजूच्या खोलीत बसवतात, संगणकात अर्ज चालू आहे का पाहतात आणि सोडतात. ‘अडकवतात’ असं मैत्रिणी म्हणतात ते बहुधा याच खोलीबद्दल असतं. तिथे बसणं हा काही गुन्हा नाही. एकच गोष्ट लक्षात ठेव. आय-४०७ नावाचा फॉर्म असतो, त्यावर सही करणं म्हणजे रहिवासाचा हक्क स्वतःहून सोडून देणं. तुझ्या बाबतीत तो पुढे येण्याचं काही कारण नाही, पण आला, तर समजल्याशिवाय सही करू नकोस. सही करण्याची सक्ती नसते. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडण्याचा हक्क प्रत्येक कायम रहिवाशाला आहे.

आणि ज्यांनी जाऊच नये, किमान वकिलाशी बोलल्याशिवाय, ते हे. ज्यांना कधी अटक झाली आहे, मग ते दारू पिऊन गाडी चालवणं असो की दुकानातली किरकोळ चोरी. ज्यांचा अर्ज फेटाळला गेला आहे. जे आधीच सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहून आलेत. ज्यांचं लग्न मोडलंय किंवा मोडायच्या बेतात आहे. तुझ्या पत्रात यातलं काही नाही. पण न सांगितलेलं काही असेल, तर स्थलांतर कायद्याच्या वकिलाला एक तासाची फी दे. ती फी तिकिटापेक्षा खूपच कमी असते.

निघण्याआधी घरातली पत्रपेटी कोण बघणार ते ठरव. खात्याने जादा पुरावे मागितले किंवा मुलाखतीला बोलावलं, तर तारीख तुझ्यासाठी थांबत नाही, आणि न कळवता मुलाखत चुकली तर अर्जच धोक्यात येतो. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडून त्यात पावतीचा नंबर टाक, म्हणजे सांगलीत बसून हालचाल दिसेल. पोस्ट खात्याची ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ ही फुकट सोय आहे, रोज येणाऱ्या पाकिटांचे फोटो ईमेलवर येतात. नवऱ्याने तीही सुरू करावी. आणि घर बदललं तर दहा दिवसांत खात्याला पत्ता कळवायचा असतो. पोस्टात पत्ता बदलून दिला म्हणजे झालं असं समजू नये, यूएससीआयएसची पाकिटं बहुतेकदा नव्या पत्त्यावर पाठवली जात नाहीत, परत जातात.

पत्र हरवलं तर? इथे असताना हरवलं, तर १-८००-३७५-५२८३ या यूएससीआयएसच्या नंबरवर किंवा संकेतस्थळावरून दुसरी प्रत मागता येते. तातडी असेल तर त्याच फोनवर पासपोर्टावरचा आय-५५१ शिक्का मागायचा. लोक त्याला ‘अॅडिट स्टॅम्प’ म्हणतात. हा शिक्का म्हणजे तात्पुरतं ग्रीन कार्डच, साधारण वर्षभरापर्यंत चालतं. पूर्वी त्यासाठी ऑफिसातच जावं लागे. तुम्हा एडिसनकरांना नेवार्क. २०२३ पासून काही जणांना फोटो आणि शिक्का असलेला आय-९४, म्हणजे प्रवेशनोंदीचा कागद, टपालानेही पाठवतात. ज्यांचे ४८ महिनेही संपत आलेत पण निकाल नाही, त्यांचाही आधार हा शिक्काच. मिळायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात जागं होऊ नये. पासपोर्टची मुदतही बघून घे, तोच संपत आला असेल तर आधी त्याचं नूतनीकरण. भारतात असताना कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं, तर पोलिसात तक्रार दे आणि आय-१३१ए हा अर्ज ऑनलाइन पैसे भरून मुंबईच्या अमेरिकन वकिलातीकडे, बीकेसीला, कर. ते विमानात बसण्यापुरता कागद देतात. कार्ड आणि पत्र दोन्हीच्या रंगीत प्रती भावाकडे आणि ईमेलमध्ये ठेव, तेव्हा फार उपयोगी पडतात.

आता थोडं नाजूक. नवरा ‘फाइलमध्ये आहे’ म्हणतो यात मला खोट दिसत नाही, बहुतेक घरांत कागद एकाच माणसाकडे असतात. पण तुझ्या कार्डाची, पत्राची, पाठवलेल्या पूर्ण अर्जाची आणि टॅक्स रिटर्नची एक प्रत तुझ्या स्वतःच्या ईमेलमध्ये असलीच पाहिजे. हा अविश्वास नाही. नवरा कामानिमित्त बाहेरगावी असताना तुला कागद लागू शकतो. आणि हे सदर वाचणाऱ्या इतर बायकांसाठी लिहिते, कारण अशी पत्रंही माझ्याकडे येतात. ‘माझ्या सहीशिवाय तुझं कार्ड होणार नाही’ असं म्हणून जर कुणी तुम्हाला धाकात ठेवत असेल, तर ते खोटं आहे. लग्न खरं होतं पण घटस्फोट झाला, किंवा नवऱ्याने मारहाण, छळ केला, तर एकटीच्या सहीने हाच अर्ज करता येतो. कायद्यात ती सोय आहे, आणि अशा अर्जाला ९० दिवसांची ती चौकटही नाही. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था १९८५ पासून काम करते आहे. देशभरासाठी घरगुती हिंसाचाराची हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३. नवऱ्याच्या हातात कागद आहे म्हणून मार खात राहू नका.

उशीर झालाय म्हणून काय करायचं, तर आत्ता फारसं काही नाही. संकेतस्थळावर सध्या किती वेळ लागतोय ते दिसतं, तो ओलांडल्याशिवाय ते चौकशी घेत नाहीत. ओलांडला तर आधी चौकशी, मग तुमच्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसला पत्र. हे लोक खरंच विचारणा करतात, तू मतदार नसलीस तरी. फारच ताणलं तर वकिलामार्फत फेडरल कोर्टात जाता येतं. मध्यंतरीचा वेळ पुरावे जमवण्यात घाल. अर्ज एप्रिलचा, निकाल केव्हाचा कोण जाणे, आणि त्या वेळी ते मधल्या काळातला संसार बघायला मागू शकतात. आपले लोक मेंदीचे, केळवणाचे, सत्यनारायणाचे फोटो ढिगाने पाठवतात. थोडे असू देत, पण वजन पडतं ते एकत्र भरलेल्या टॅक्सला, दोघांच्या नावाच्या भाडेकराराला किंवा घरकर्जाला, आरोग्य विम्याला, चालू असलेल्या संयुक्त बँक खात्याला. खातं नुसतं उघडून ठेवलेलं नको, त्यातून वाणसामान आणि वीजबिल गेलेलं दिसायला हवं.

शेवटचं. तुझा नवरा नागरिक आहे आणि तुम्ही एकत्र राहता, म्हणजे तुला पाच वर्षं थांबायचं नाही. जून २०२६ मध्ये तुझी तीन वर्षं पूर्ण होतात आणि त्याच्या ९० दिवस आधी, मार्चमध्ये, तू नागरिकत्वाचा एन-४०० भरू शकतेस. आय-७५१ अडकलेला असला तरी भरता येतो. नागरिकत्व देण्याआधी त्यांना आय-७५१ चा निकाल लावावाच लागतो, त्यामुळे बऱ्याचदा दोन्ही मुलाखती एकाच दिवशी उरकतात आणि पडून राहिलेला अर्ज हलतो. त्या तीन वर्षांतले निम्मे दिवस तरी तू अमेरिकेत असायला हवीस, फेब्रुवारीतल्या एका फेरीने त्याला धक्का लागत नाही. फक्त एन-४०० भरला म्हणून ते जुनं पत्र टाकून देऊ नकोस, शपथ होईपर्यंत पुरावा तोच. सांगलीला जाण्या-येण्याच्या तारखा आत्ताच एका वहीत लिहून ठेव. एन-४०० मध्ये प्रत्येक फेरीची तारीख विचारतात, आणि पासपोर्टावरच्या पुसट शिक्क्यांवरून त्या शोधत बसणं फार जिकिरीचं जातं.

– तुझी ताई